एका घरचं वलय

व्हिसा लागत नाही म्हटल्यावर माधुरीला वाटलं होतं, बॅगा भरल्या की निघायचं. शेजारच्या भंगाळे वहिनींनाही तिनं हसत सांगून टाकलं होतं, "आता काय हो, भुसावळला जाऊन यावं तसं तोरुआला जाऊन यायचं!"

तोरुआ म्हणजे हिंदी महासागरातलं एक चिमुकलं बेट. तिथल्या डोंगरात रानकेळी उगवतात, काळ्या टणक बियांची. विलास फिरके यांनी ती कधीतरी टीव्हीवर पाहिली आणि पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. फिरके घराणं रावेरचं, चार पिढ्यांचं केळीवालं. विलासरावांची साठ वर्षं पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात तोरुआनं भारतीयांसाठी व्हिसा उठवला. त्यांच्या मुलीनं, केतकीनं, पुण्याहून फोन केला. "बाबा, तुमची साठी रानकेळीच्या बनात करायची. तुम्ही, मी आणि मावशी."

मावशी म्हणजे माधुरी. केतकीची आई सुनंदा गेली तेव्हा केतकी आठ वर्षांची होती. वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच विलासरावांनी माधुरीशी लग्न केलं. एकतिसाव्या वर्षी माधुरी या घरात आली, ती आल्या दिवसापासून मावशीच. सतरा वर्षांत तिनं या शब्दाबद्दल कधी तक्रार केली नव्हती. मात्र लग्नकार्यात कुणी नवखी बाई "ही तुमची मुलगी का हो?" असं विचारायची आणि शेजारची कुणीतरी तिच्या कानाशी लागून "सावत्र" असं कुजबुजायची, तेव्हा माधुरी उगाचच पदर सारखा करत बसायची.

तर व्हिसा उठला होता, पण तोरुआनं त्याच्या जागी वेगळंच काहीतरी आणलं होतं. कुणा परदेशी पाहुण्याच्या बुटाला चिकटून एक बुरशी त्या बेटावर आली होती आणि तिनं तिथल्या केळीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळवल्या होत्या. ही बुरशी एकदा मातीत शिरली की तीस-तीस वर्षं हटत नाही. पारपत्रावरचे शिक्के पाहून माणसाच्या अंगावर काय आहे ते कळत नाही, हे त्या देशाला फार महागात पडून समजलं. म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विमानतळावर वलयद्वार बसवलं.

माणूस कधीच एकटा हिंडत नाही. त्वचेवरून, श्वासातून, पोटातून सुटणाऱ्या कोट्यवधी सूक्ष्मजंतूंचं एक न दिसणारं वलय त्याच्याभोवती असतं. वलयद्वार म्हणजे एक अरुंद बोळ. तिथली हवा माणसाच्या अंगावरून वाहत जाते, तिच्यातले जंतू टिपले जातात आणि काही मिनिटांत त्यांची जनुकं वाचून होतात. एका छताखाली राहणाऱ्या, एका चुलीवरचं खाणाऱ्या माणसांची वलयं हळूहळू सारखी होत जातात. तोरुआच्या शास्त्रज्ञांनी नेमका याचाच आधार घेतला होता. निघण्याआधी सगळ्या घरानं तीन आठवडे एकत्र राहायचं, घरचंच खायचं, शेतात पाऊल टाकायचं नाही, दिलेल्या साबणानंच अंघोळ करायची. शेवटी वलयं जुळली, तर या घरानं पथ्य प्रामाणिकपणे पाळलं असं मानायचं. ज्याचं जुळणार नाही, तो बाहेर कुठे तरी जाऊन आलेला. केतकीसारखं नोकरीसाठी दूर राहणारं कुणी असेल तर त्याचा मूळथर पाहायचा, म्हणजे लहानपणी पोटात रुजलेले आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेले जंतू. तो घराशी जुळला, की ते माणूस त्या घरचं.

कागदावर कोण कुणाचं काय लागतं, हे तोरुआ विचारतच नव्हतं.

वलयाच्या पहिल्या वाचनासाठी तिघं तोरुआनं जळगावला उघडलेल्या, तसाच बोळ असलेल्या केंद्रावर गेली. तिथल्या डॉक्टर रेणुका भारंबे तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. पडद्यावर तीन रंगीत वर्तुळं उमटली. दोन तर जवळपास एकमेकांत मिसळून गेली होती.

"वा!" डॉक्टर म्हणाल्या. "केतकी, तुला काहीच अडचण नाही. आईचा आणि तुझा मूळथर इतका जुळणारा मी फार कमी वेळा पाहिलाय. जन्मापासून आईच्या अंगाखांद्यावरच वाढलेली दिसतेस!"

विलासराव खाकरले. "तिची आई सुनंदा. ती गेली. ही… माधुरी नंतर आली. केतकी नऊ वर्षांची होती तेव्हा."

डॉक्टर भारंबे गोंधळल्या. पडद्याकडे, मग माधुरीकडे पाहत त्यांनी विचारलं, "लहानपणी हिला मोठं काही आजारपण झालं होतं का? खूप अँटिबायोटिक दिली होती?"

"टायफॉइड," माधुरी म्हणाली. "उलटलेला. दहा वर्षांची होती. इथेच जळगावला ठेवलं होतं."

"मग बरोबर. जोरदार औषधांनी पोटातली जुनी वस्ती उठते. रान पेटून गेल्यासारखं होतं. त्यानंतर जे बी आधी पडेल, ते रुजतं. तेव्हा हिला भरवत कोण होतं?"

माधुरीला उत्तर द्यावंच लागलं नाही. मऊ भात, त्यावर घरी लावलेलं दही, आणि तोंड फिरवून घेणारी ती हट्टी पोर. एक घास स्वतः खाऊन दाखवायचा, मग दुसरा तिला. दोन महिने हेच चाललं होतं. तेव्हा तिला ते काही विशेष वाटलं नव्हतं. आता पडद्यावर ते दोन महिने हिरव्या रंगात लखलखत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत तिचा ऊर नुसता भरून येत होता. कुणाला तरी हाका मारून सांगावंसं वाटत होतं. कुजबुजणाऱ्या त्या सगळ्या बायकांना ओळीनं उभं करून तो पडदा दाखवावा, असंसुद्धा मनात येऊन गेलं. मग तिचं लक्ष केतकीकडे गेलं. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"मावशी," बाहेरच पाहत केतकी म्हणाली, "म्हणजे माझ्यात आईचं काही उरलंच नाही?"

"अगं, रक्त तर तिचंच आहे," पुढच्या सीटवरून विलासराव म्हणाले.

"ते माहितीये बाबा. पण आई मला भरवायची, ते मला काही केल्या आठवत नाही. मला वाटायचं, मला आठवत नसलं तरी माझ्या अंगाला आठवत असेल."

माधुरीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

तयारी सुरू झाली. विलासरावांचे शेतातले बूट माळ्यावर गेले. सकाळी गच्चीवर उभे राहून ते मोबाइलवरून बागेतल्या माणसांना सूचना द्यायचे, इतक्या मोठ्यानं, की मोबाइल नसता तरी चाललं असतं. भंगाळे वहिनींनी भिंतीवरून पुढे केलेली शेवभाजीची वाटी माधुरीला हात जोडून परत करावी लागली. केतकी वरच्या खोलीत बसून पुण्यातल्या ऑफिसचं काम करायची. पुलांचे आराखडे करणारी ही मुलगी नियमाला पक्की. वेळेवर खाली यायची, तिघांसाठी एकाच भांड्यात लावलेलं दही खायची आणि ताट उचलून निघून जायची. चिडली नव्हती ती. वागत होती अगदी नीट, पाहुण्यांशी वागावं तशी.

माधुरीला ते सहन होईना. गाडीत भरून आलेला तो आनंद आता तिला टोचू लागला होता. मी तर काही हिसकावून घेतलं नाही, ती मनाशी म्हणायची. आणि तरी काहीतरी हिसकावल्यासारखं वाटायचं. तिसरा आठवडा लागला तेव्हा तिनं कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्ची गाठली आणि डॉक्टर भारंबेंना फोन लावला.

"डॉक्टर, पोट सोडून शरीरात आणखी कुठे काही उरतं का हो? औषधांनी न गेलेलं?"

"तोंडात उरू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "जिभेच्या मुळाशी, दातांच्या खाचांत. तिथली वस्ती चिवट असते, औषधांनंतरही पुन्हा डोकं वर काढते. पण ती आईकडची आहे हे ओळखायचं तर आईच्या बाजूचं माणूस हवं. तिचा सख्खा भाऊ किंवा बहीण. त्यांच्याही तोंडात त्यांच्या आईकडून आलेले तेच जंतू असू शकतात."

"भाऊ आहेत. फैजपूरला."

"त्यांना इकडे पाठवा. नाहीतर निर्जंतुक काडी जिभेच्या मुळाशी फिरवून नळीत घालून आणा. तुम्ही मात्र जाऊ नका हं. तुमचं पथ्य चालू आहे."

भास्कर चौधरी कुणाच्या सांगण्यावरून जळगावला जाणाऱ्यांतले नव्हते. बहिणीच्या राखेची ऊब जायच्या आत तिच्या घरात दुसरी आणली, हा राग त्यांनी सतरा वर्षं जपला होता. केतकीला ते दर सुट्टीत बोलावून घ्यायचे, भाचीवर जीव टाकायचे. पण फिरक्यांच्या उंबऱ्यात पाऊल नाही, की फोनवर शब्द नाही. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

उरलेले साबण आणायला जळगावला जाते, असं घरी सांगून माधुरी फैजपूरला गेली.

दार भास्कररावांनीच उघडलं. आत येण्याविषयी बोलले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. माधुरीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पडदा, टायफॉइड, गाडीतलं केतकीचं बोलणं, औषधांच्या दुकानातून बरोबर आणलेली काडी.

"म्हणजे यंत्रानंही तुमच्याच बाजूनं निकाल दिला," भास्करराव म्हणाले. "मग आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलंय तुमचं?"

"माझं झालं सिद्ध, भाऊ. मला ते जन्मभर पुरेल," माधुरी म्हणाली. "सुनंदाताईंचं राहिलंय. त्या पोरीला वाटतंय, आई आपल्यातून पुसली गेली. तिचं तसं होऊ देऊ नका."

भास्करराव ओट्यावर बसले. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या ती काडी. कुठे फिरवायची?"

काडी नळीत गेली, नळी पिशवीत गेली. माधुरी निघायला वळली, तेवढ्यात आतून भास्कररावांच्या पत्नी, केतकीच्या मामी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या सगळं ऐकत असाव्यात.

"ताई, जेवायची वेळ आहे. अशा कशा निघालात? बट्ट्या तळायला घेतल्यात, बसा."

ताई. या घरातून असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. माधुरीच्या ओठांवर नियम आला होता. तीन आठवड्यांचं पथ्य, परक्या घरचं पाणीसुद्धा नाही. सांगितलं असतं तर त्यांनी समजूनही घेतलं असतं. पण सतरा वर्षांनी मांडलेला पाट होता. तिनं भास्कररावांकडे पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातला दुसरा पाट उचलून तिच्या पाटाशेजारी टाकला.

ती बसली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि शेवटी ताक.

"विरजण सासूबाईंच्या वेळचंच आहे," मामी म्हणाल्या. "कधी मोडू दिलं नाही."

माधुरीनं ताक मागून घेतलं, पुन्हा एकदा मागून घेतलं. आपलं तोरुआ इथेच बुडालं हे तिला स्वच्छ कळत होतं आणि तिला त्याचं काहीएक वाईट वाटत नव्हतं. रानकेळी विलासरावांनी पाहावीत. पोरीनं त्यांच्याबरोबर जावं. आपण घरी राहून बागेला पाणी देऊ.

नळी जळगावला पोचती करून, साबण घेऊन ती घरी परतली.

अखेरच्या वाचनाला तिघं गेली, तेव्हा विमानाला चार-पाच दिवस उरले होते. बोळातून एकेक जण पार झालं. या वेळी पडद्यावर दोन वर्तुळं एकमेकांवर बसली आणि तिसऱ्यानं एका बाजूला वेडावाकडा फुगवटा काढला.

"माधुरीताई," डॉक्टर भारंबे हळूच म्हणाल्या, "तुमच्या वलयात दुसऱ्या घरचं काहीतरी आलंय. बुरशी नाही, काळजी करू नका. पण तुम्ही बाहेर जेवलात."

"हो," माधुरी म्हणाली. "फैजपूरला."

"फैजपूरला?" विलासराव खुर्चीतून अर्धे उठले. "भास्करच्या घरी? तू?"

"तुम्ही दोघं जाऊन या. रानकेळी पाहिल्यावाचून माझं काही अडत नाही."

केतकी तिच्याकडे वळली. "मावशी, कशाला गेली होतीस?"

माधुरीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पडदा बदलला. दोन बारीक निळ्या रेघा होत्या, एकीखाली एक, खाचाखोचांसकट सारख्या.

"वरची तुझ्या मामांच्या तोंडातल्या एका जंतूची," त्या केतकीला म्हणाल्या. "खालची तुझ्या. हा जंतू तुझ्या बाबांच्यात नाही, मावशींच्यात नाही. हा तुझ्या आजीकडून तुझ्या आईकडे आला असणार आणि आईकडून तुझ्याकडे. लहान मुलाचा घास गरम तर नाही ना, म्हणून आई आधी ओठांना लावून बघते. बहुतेक तसाच. एवढी औषधं झाली, तरी तो जिभेच्या मुळाशी टिकून राहिला."

केतकीचा हात आपोआप ओठांवर गेला. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती हसली, लहानपणी हसायची तशी, खांदे वर करून. मग एकदम तिचा चेहरा कडक झाला.

"आणि यासाठी तू तुझं जाणं घालवलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!" केतकी डॉक्टरांकडे वळली. "मॅडम, नियम नक्की काय आहे? दुसऱ्या घरचे जंतू चालत नाहीत, की तिघांची वलयं वेगळी चालत नाहीत?"

"वेगळी चालत नाहीत. बुरशी नसली, तर कोणते जंतू आहेत याला त्यांची हरकत नाही. सगळ्यांत सारखे हवेत."

"मामांच्या नमुन्यात बुरशी होती?"

"नाही. तेही तपासलं मी. केळीवाल्यांच्या घरात जितकं स्वच्छ असू शकतं, तितकं आहे." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आता हसू फुटत होतं. "पण एका जेवणानं भागायचं नाही. दोन-तीन दिवस तिघांनीही तिकडचंच खायला हवं."

केतकीनं वडिलांकडे पाहिलं.

"मी?" विलासराव म्हणाले. "तिथे? अगं, तो मला दारात तरी उभा करेल का?"

"बाबा, तीन आठवडे तो साबण घासताय ना अंगाला? एवढं आणखी करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फैजपूरच्या त्या घरात पाच पाट मांडले गेले. विलासराव आणि भास्करराव समोरासमोर बसले. पहिलं वाढप होईपर्यंत दोघंही ताटाकडेच बघत होते. मग भास्कररावांनी विचारलं, "साठी झाली म्हणे?"

"झाली."

"बागेचं काय चाललंय?"

"गच्चीवरून बघतो," विलासराव म्हणाले. यावर मामींना हसू आवरेना आणि मग कुणालाच आवरेना. सुनंदाचा विषय कुणी काढला नाही. वाढताना मामींनी केतकीच्या ताटात बट्टी टाकली, केतकीनं ती मोडून अर्धी माधुरीच्या ताटात ठेवली. तीन दिवस ही माणसं तिथेच जेवली. तिसऱ्या दिवशी निघताना भास्कररावांनी दाराशी येऊन विलासरावांना सांगितलं, "रानकेळीचं बी बघून या नीट. घेऊन येऊ नका, नुसतं बघून या. मला सांगा कसं असतं ते."

जळगावच्या पडद्यावर तीन वर्तुळं एकावर एक बसली. डॉक्टर भारंबेंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तोरुआचा विमानतळ बैठा होता. छपरावर वेली चढलेल्या, आणि उन्हात खाऱ्या वाऱ्याचा वास. व्हिसाची रांग नव्हती, शिक्के नव्हते. बोळातून एकेका घराला आत सोडत होते. बाहेरच्या टोकाला केसांत पांढरं फूल माळलेली एक धिप्पाड अधिकारी बाई पडद्यासमोर बसली होती. फिरक्यांचं घर बोळातून बाहेर आलं तशी ती पडद्यावर वाकली, पुन्हा नीट पाहिलं आणि केतकीला इंग्रजीत विचारू लागली.

"तुमचं घर एकच आहे, त्यात शंका नाही," ती बाई म्हणाली. "तुझा मूळथर या बाईंचा आहे. पण तुझ्या तोंडात आणखी एक धागा आहे, तो या दोघांत नाही. मी नियम म्हणून विचारत नाही. आमच्या बेटावर आम्ही असे धागे जपतो, म्हणून विचारते. तो कुणाचा?"

"माझ्या आईचा," केतकी म्हणाली.

"मग या कोण?"

माधुरीला इंग्रजी बोलायला यायचं नाही, पण कळायचं सगळं. ती पिशवीचा बंद घट्ट धरून उभी राहिली.

"याही माझ्या आईच," केतकी म्हणाली. "मला दोघी आहेत. पहिली गेली. तिचं माझ्यात काय उरलंय ते शोधायला या दुसऱ्या आईनं स्वतःचा इथला प्रवेश सोडून दिला होता. तुमच्या पडद्यावर ते दिसणार नाही. म्हणून मी सांगतेय."

ती बाई उठून उभी राहिली. एवढा मोठा देह, पण झटकन उठली. तिनं केसांतलं पांढरं फूल काढलं आणि टेबलाला वळसा घालून येऊन माधुरीच्या अंबाड्यात खोचलं. मागच्या रांगेतली माणसं बघू लागली. कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, कुठल्या तरी अनोळखी भाषेत. माधुरीनं या वेळी पदर सारखा केला नाही. ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना नीट बघू दिलं.

"मावशी, चल ना," पुढे गेलेल्या केतकीनं वळून हाक मारली. "बाबा बघ, कुणाची वाटही न पाहता डोंगराकडे निघाले."

"आले गं," माधुरी म्हणाली, आणि फुलाला हातसुद्धा न लावता तिच्या मागे उन्हात निघाली.